जुना द्या, नवा न्या : आमच्या घरातल्या व्हीसीआरचा इतिहास

(हे या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये नेटवर्क जात असेल किंवा हेडफोन घरी राहिला असेल, त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

आज किल्ला नाही, चिमाजीअप्पा नाहीत, पोर्तुगीजही नाहीत. मी वसईची म्हटल्यावर तुम्ही दर वेळी तेच मागता. पण आजचा इतिहास आमच्या घराच्या माळ्यावर सापडलाय, आणि तो फार तर चाळीस वर्षांचा आहे.

तर झालं असं. गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आदल्या रात्री घरातल्या आणि शेजारच्या बायका गाणी म्हणायला बसल्या. आमच्याकडे घरात कादोडी बोलतात, काही जण तिला सामवेदी म्हणतात. लग्नाची गाणीही त्याच बोलीत. दोन गाणी झाली, तिसरं अर्ध्यावर अडकलं. पुढची ओळ कुणालाच आठवेना. एक मावशी म्हणाल्या, "तुझ्या आजीला सगळी यायची गं." आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचा आवाज मला आठवत नाही.

तेवढ्यात काका म्हणाला, "अरे, ती आहे ना कॅसेटवर. माझ्या लग्नाच्या. रात्रभर गायली होती." सगळे एकदम गप्प झाले. कारण कॅसेट घरात होती. ती लावायचं यंत्र नव्हतं. ते आम्हीच घालवलं होतं. कसं, ते पुढे सांगते.

घरात व्हीसीआर आला कसा

आज तुमच्या खिशात कॅमेरा, प्लेअर, रेकॉर्डर सगळं एकत्र आहे. त्यामुळे व्हीसीआर म्हणजे काय होतं, हे आधी सांगायला हवं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत प्रसारण आलं १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. चॅनेल म्हणजे दूरदर्शन, बस्स. त्यांनी जे दाखवलं ते, आणि त्यांनी दाखवलं तेव्हाच बघायचं. चुकलं तर चुकलं.

या परिस्थितीत एक पेटी आली, जी म्हणाली, तुम्हाला हवं ते बघा, हवं तेव्हा बघा. व्हीसीआर म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर. त्याचा स्वस्त भाऊ व्हीसीपी, म्हणजे नुसता प्लेअर. व्हीसीपी कॅसेट दाखवायचा, टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचा नाही. हा फरक लक्षात ठेवा. आमच्या घराची सगळी गोष्ट त्या एका फरकावर येऊन थांबते.

वसईत ही पेटी बऱ्याच घरांत आखातातून आली. इथली पुष्कळ माणसं कुवेत, दुबई, बहारीनला आणि जहाजांवर कामाला होती. माझा काका कुवेतला होता. १९८६ मध्ये सुट्टीवर येताना त्याने व्हीसीआर आणला, सहार विमानतळावर कस्टम भरून. ज्यांचं कुणी बाहेर नव्हतं, ते मुंबईत मनीष मार्केट नाहीतर हीरा-पन्ना गाठायचे. नंतर भारतीय कंपन्याही या धंद्यात उतरल्या. पुण्याजवळ कोरेगाव भीमाला कल्याणी समूहाच्या कारखान्यात टीव्हीबरोबर व्हीसीआर बनायचे, तिथे पुढे जपानच्या शार्पची भागीदारी आली.

काका दुकानात उभा होता तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न होते. पहिला, बीटा की व्हीएचएस? सोनीने बीटामॅक्स आणलं १९७५ मध्ये. जेव्हीसीने व्हीएचएस आणलं १९७६ मध्ये. दोन्हींच्या कॅसेट वेगळ्या, एकाची दुसऱ्यात जातच नाही. चित्र बीटाचं जरा बरं, असं जाणकार म्हणायचे. पण सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत इतर कंपन्यांनाही वापरू दिली. त्यामुळे व्हीएचएसची यंत्रं जास्त कंपन्यांची, कॅसेटही जास्त. शेवटी १९८८ मध्ये खुद्द सोनी व्हीएचएस यंत्रं विकायला लागली.

काकाने हे काही वाचलं नव्हतं. त्याने एवढंच बघितलं की वसईतल्या व्हिडिओ लायब्ररीत कुठल्या कॅसेट मिळतात. तिथे व्हीएचएस होत्या. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठीच्या व्हीएचएस कॅसेटवर ई-१८० असं लिहिलेलं असायचं, म्हणजे १८० मिनिटं. हिंदी पिक्चर, गाण्यांसकट, एका कॅसेटमध्ये. विषय संपला.

दुसरा प्रश्न होता सिस्टिमचा. टीव्हीचं चित्र कसं पाठवायचं, याच्या जगात तीन पद्धती होत्या. पाल, सेकॅम आणि एनटीएससी. भारतात पाल, कुवेतमध्येही पाल. पण शेजारच्या सौदीत सेकॅम, अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी. म्हणून आखातातली माणसं 'मल्टिसिस्टिम' असं छापलेला सेट शोधायची. काकानेही तोच घेतला.

चादर, भाडं आणि कॉपीराइट

त्या काळी व्हीसीआर एका घराचा नसायचा, आळीचा असायचा. कुणाकडे बारसं, कुणाकडे गणपती, की रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर ओळीने तीन पिक्चर लावायचे. आमच्या ओटीवर निम्मा गाव बसायचा, असं आई सांगते. मुंबईत तर काही इमारतींत एकच माणूस व्हीसीआर लावायचा आणि वायर ओढून घराघरात पिक्चर पोहोचवायचा. आपण ज्याला केबलवाला म्हणतो, त्याची सुरुवात ही. उपग्रह वाहिन्या त्यानंतर आल्या.

अर्थात यातलं बरंचसं चोरीचं होतं. नवा पिक्चर थिएटरात लागायचा आणि कॅसेट लायब्ररीत पोहोचायची. निर्मात्यांनी ओरड केली. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून व्हिडिओ कॅसेटवर हक्कदाराचं नाव वगैरे माहिती देणं सक्तीचं झालं आणि शिक्षा वाढली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दुसराच वाद निकालात निघाला. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं गुन्हा आहे का? सोनीविरुद्ध युनिव्हर्सल स्टुडिओचा खटला. ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सोनी जिंकली. घरच्या घरी, नंतर बघण्यापुरतं रेकॉर्ड केलं तर चालेल.

आमच्या बाबांना तो निकाल माहीत असण्याचं कारण नाही. पण ते नेमकं तेच करत होते. त्यांची मुंबईत शिफ्टची नोकरी. रविवारी सकाळची पाळी लागली की 'महाभारत' बुडायचं. ऑक्टोबर १९८८ पासून ते दर रविवारी सकाळी लागायचं, रस्ते ओस पडायचे. बाबा शनिवारी रात्री व्हीसीआरला टायमर लावून जायचे आणि संध्याकाळी येऊन बघायचे. व्हीसीपी असता तर हे जमलं नसतं. काकाने जास्त पैसे मोजून रेकॉर्डर घेतला, याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. तिथून एक लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं. काका त्यातलाच एक. हातात एक बॅग. तिथली खोली, सामान, बँकेतले पैसे, सगळं मागे राहिलं. बारा वर्षांच्या नोकरीतलं डोळ्यांना दिसेल असं घरात काय होतं, तर तो व्हीसीआर. आजी रोज त्याच्यावर विणलेला रुमाल घालायची, असं काका सांगतो.

आणि मग ऑफर आली

आता २००५. मी दहा वर्षांची. तोवर व्हीसीडी येऊन जुनी व्हायला लागली होती. व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं मावायची, त्यामुळे एक हिंदी पिक्चर दोन-तीन तबकड्यांत. मग डीव्हीडी आली, चित्र स्वच्छ, पिक्चर एकाच तबकडीत. पुढे दोन वर्षांत मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्या दरात कॅसेट भाड्याने आणायला कोण जाणार?

आमचा व्हीसीआर तेव्हा आजारी होता. पावसाळ्यात तर चालायचाच नाही. वसईची हवा तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. व्हीसीआरच्या आत एक गोल ड्रम असतो, त्यावर हेड असतात. आपल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि अर्धा इंच रुंदीची टेप त्याला वळसा घालून सरकते. ड्रमवर दमटपणा धरला तर टेप चिकटते आणि फाटते. म्हणून पुष्कळ यंत्रांत दव ओळखणारा सेन्सर असायचा, दमट झालं की यंत्र स्वतःच बंद. बाबा ते उघडून टेबल लॅम्पखाली सुकवायचे.

स्टेशनजवळच्या एका दुकानात पाटी लागली : जुना द्या, नवा न्या. व्हीसीआर दिला की डीव्हीडी प्लेअरवर सूट. आम्ही सगळे गेलो. मला आठवतं, मी हट्ट केला होता. माझ्या मैत्रिणीकडे डीव्हीडी होता. दुकानदाराने व्हीसीआर हलवून बघितला आणि मागच्या ढिगात ठेवला. नवा प्लेअर घेऊन आम्ही रिक्षाने घरी आलो. एक प्रश्न कुणाच्याही मनात आला नाही : घरातल्या कॅसेटचं काय?

त्या वेळी सगळं लक्ष 'नवीन काय येतं' याकडे होतं. जुन्या यंत्राला जे वाचता येत होतं, ते नव्याला वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. पिक्चरच्या कॅसेटचं काही बिघडलं नाही, ते पिक्चर डीव्हीडीवर मिळाले, आता यूट्यूबवर आहेत. पण घरच्या लग्नाची डीव्हीडी कोण काढणार? ती जगात एकच प्रत. चार कॅसेट माळ्यावर गेल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं, तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम गेले. कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या.

चाळीस वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न

लग्नाच्या रात्रीनंतर मी कामाला लागले. नवा व्हीसीआर घेऊ म्हटलं, तर नवा मिळतच नाही. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. एके काळी ती वर्षाला दीड कोटी यंत्रं विकायची. २०१५ मध्ये आकडा साडेसात लाखांवर आला. जुलै २०१६ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं. आता जे आहे ते सगळं वापरलेलं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुधा हातचं जाईल. कारण फक्त टेप खराब होते हे नाही. यंत्रं संपतात, सुटे भाग संपतात आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपतात. ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

पहिल्यांदा ऑनलाइन एक दिसला, चकचकीत, रिमोटसकट. विकणाऱ्याच्या भावाने अमेरिकेतून आणलेला. घेणारच होते. तेवढ्यात काकाने विचारलं, "पाल आहे का?" नव्हता. एनटीएससी, तोही ११० व्होल्टचा. आपली कॅसेट त्यात लावली असती तर नीट चित्र आलंच नसतं. १९८६ मध्ये कुवेतच्या दुकानात विचारलेला प्रश्न काका विसरला नव्हता.

मग आम्ही दोघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत एक म्हातारे कारागीर भेटले. त्यांच्याकडे तीन व्हीसीआर होते. मी कंपनीचं नाव बघत होते, त्यांनी झाकण उघडून आतले रबरी पट्टे दाखवले. म्हणाले, नाव बघू नका, रबर बघा. चालवला नाही तर रबर कडक होतं, टेप ओढणारा रोलर घसरतो आणि कॅसेट चावली जाते. त्यांनी स्वतःची एक रद्दी कॅसेट लावली, पुढे नेली, मागे आणली, बाहेर काढली. टेपला सुरकुती नव्हती. तो आम्ही घेतला. आणि गंमत म्हणजे तो व्हीसीपी निघाला, नुसता प्लेअर. मला रेकॉर्डर हवा होता, उगाच, मोठं ते चांगलं म्हणून. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला बघायचंय ना? मग ज्याला पुसताच येत नाही, तो न्या."

अकरा मिनिटं

घरी आणून आधी कॅसेट तपासल्या. एकीच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती, म्हणजे बुरशी. ती बाजूला ठेवली, नाहीतर तीच घाण हेडला लागून पुढच्या कॅसेटवर गेली असती. मग काकाच्या लग्नाची लावली. प्लेअरमधून पिवळी, पांढरी, लाल वायर एका छोट्या कॅप्चर डबीत आणि डबी लॅपटॉपला. इथे घाई चालत नाही. तीन तासांची टेप उतरवायला तीन तासच लागतात.

मे १९८८. हॅलोजनचा उजेड, डोळे मिचकावणारी माणसं, लाल लुगड्यातल्या बायका. आणि मग आजी. पाटावर बसलेली, हाताने ठेका धरलेला. अडकलेलं ते तिसरं गाणं तिने सुरू केलं. आवाज जाडसर, थोडा घोगरा. माझ्या आत्याचा आहे तसाच. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं आणि पडद्यावर एक पांढरी रेघ खालून वर गेली.

पुढे शंखाचा आवाज. 'महाभारत'.

खोलीत कुणी काही बोललं नाही. बाबा उठून ओटीवर गेले. थोड्या वेळाने मी बाहेर गेले तेव्हा म्हणाले, "त्या रविवारी कोरी कॅसेट नव्हती. मला वाटलं शेवटी रिकामी आहे."

व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी चीप असते. ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. शूटिंगवाल्याने ती मोडली होती. पण मोडलेल्या जागेवर सेलोटेप लावली की यंत्र फसतं, हे त्या काळी पोराटोरांनाही माहीत होतं. आमच्या कॅसेटवर ती सेलोटेप अजून आहे, पिवळी पडलेली. आणि टेपवर नवीन भरताना यंत्र आधी जुनं पूर्ण पुसतं. त्यामुळे खालचं काही परत मिळत नाही. मी दोन ठिकाणी विचारून आले.

मी बाबांवर चिडले नाही. व्हीसीआर द्यायला मीच हट्ट केला होता. आणि आजी तेव्हा घरातच होती. समोर पाटावर बसलेल्या माणसाचा आवाज जपून ठेवायचा, हे कुणाला सुचतं?

आजीची अकरा मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ती फोनवर त्या मावशींना ऐकवली. दुसरं कडवं संपलं तशा त्या थांबल्या नाहीत, पुढचं त्यांनीच म्हटलं. तिसरं, चौथं. म्हणाल्या, "सुरुवात ऐकली की येतं गं." ते मी तिथल्या तिथे रेकॉर्ड केलं. आता गाणं पूर्ण आहे, अर्धं आजीचं, अर्धं मावशींचं.

तुमच्यासाठी, थोडक्यात

घरात कॅसेट असतील तर पाऊस लागायच्या आत माळ्यावरून काढा. व्हीएचएस आहे की कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट, ते बघा, कारण प्रत्येकीला यंत्र वेगळं. कडेची चीप असेल तर मोडून टाका, सेलोटेप असेल तर काढा. पांढरी भुकटी दिसली तर घरी लावू नका, जाणकाराकडे द्या. जुना प्लेअर घेताना पाल विचारा, व्होल्ट विचारा आणि आधी रद्दी कॅसेट लावून बघा. व्हीसीआर-डीव्हीडी एकत्र असलेला सेट मिळाला तर फक्त डीव्हीडी चालवून पैसे देऊ नका, कॅसेटची बाजू तपासा. यंत्र नको असेल तर उतरवून देणाऱ्याकडे द्या, पण मूळ कॅसेट परत घ्या. आणि उतरवलेली फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, एकट्या फोनमध्ये नको.

कारण पुढची ऑफर येणारच आहे. तुमच्या फोनवर येईल, जुना द्या, नवा न्या. नवा जरूर घ्या. फक्त जुना काउंटरवर ठेवण्याआधी त्यात कुणाकुणाचे आवाज आहेत, ते एकदा उघडून ऐका.

पुढच्या भागात भेटू. तोवर माळ्यावर काय सापडलं, ते मला नक्की कळवा.